बॅकसाइटखालचा कापूस

परवा रविवारच्या व्हिडिओ कॉलवर धाकटा मला म्हणाला, "आजी, तुझा हात दाखव ना. थरथरतो ना तो?" मी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग जरा हिरमुसून म्हणाला, "इट्स नॉट डूइंग एनीथिंग." मागून तुमच्या आईने त्याला हाक मारली आणि विषय तुमच्या पुण्याच्या उकाड्यावर गेला.

नंतर मी थोरलीला वेगळा फोन करून विचारलं. तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात ते तिने सांगितलं: आजीचा पिस्तुलाचा नेम फार छान होता, मग वयामुळे तिचा हात थरथरायला लागला, आजोबांनी तिची हळूहळू समजूत काढली आणि आजीने पिस्तूल सोडलं. यातला पहिला भाग खरा आहे. बाकीचा खरा नाही. तुम्ही जुलैमध्ये आमच्याकडे कॅनडात, मिल्टनला येणार आहात, त्याआधी तुम्हाला खरं काय ते माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे. थोरलीला मराठी नीट वाचता येतं. धाकट्याला तिने वाचून दाखवावं, आणि काही गाळू नये.

मी नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये होते. तिथे पॉइंट टू टू रायफल चालवायला शिकले. पुढे लग्न, कॅनडा, तुमची आई आणि ग्वेल्फच्या एका खाद्यपदार्थ तपासणाऱ्या लॅबमधली तीस वर्षांची नोकरी, यांत ते सगळं मागे पडलं. रिटायर झाल्यावर आजोबांनीच एकदा म्हटलं, "तू पूर्वी नेमबाजी करायचीस ना? इथे क्लब आहे. दोघं कोर्स करू." आम्ही दोघांनी कोर्स केला, परीक्षा दिली, दोघांना लायसन्स मिळालं. आजोबांचा उत्साह एक हिवाळा टिकला. माझा टिकून राहिला. पिस्तूल माझ्या नावावर आहे. साधं, टार्गेटवर मारायचं, तेच पॉइंट टू टूचं, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे दर गोळीला घोडा एकदा ओढायचा. गोळी सुटली की मागचा भाग आपोआप मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी आत ढकलतो.

बेसमेंटमधल्या पोलादी पेटीत ते कुलपात असतं, गोळ्या दुसऱ्या कुलपात. पेटीचा नंबर आम्हा दोघांनाच माहीत होता. रेंजवर नेतानाही कुलूपबंद डबा लागतो. याबाबतीत या देशाचे नियम कडक आहेत आणि ते मला मान्य आहेत. आता तर इथे नवीन पिस्तूल विकत घेता येत नाही, आपलं दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. ज्याच्याकडे आहे ते त्याच्याकडेच. पोलिसांकडे एकदा जमा केलं की संपलं, परत मिळत नाही. हे लक्षात ठेवा, कारण मी जमा करण्याच्या अगदी बेतात होते.

दर बुधवारी सकाळी मी रेंजवर जायचे. मिल्टनहून ग्वेल्फकडे जाताना शेतांमध्ये एक लांबट, पत्र्याची इमारत आहे. तिथे बहुतेक म्हातारे येतात, खूप बोलतात आणि थोडं मारतात. त्यांत आपल्याकडचे एक गृहस्थ आहेत, अलिबागजवळच्या गावचे ज्यू. घरात मराठीच बोलत मोठे झाले. पूर्वी मुंबईत आणि मग टोरांटोत कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग वगैरे त्यांच्या बोटांना कळतो. मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, नागपूरच्या ना? तरीच. बार काढताना चेहऱ्यावरची रेष हलत नाही. आम्ही कोकणातली माणसं, आवाज झाला की आधी दचकतो, मग हसतो."

आता नेम कशाकशाने बिघडतो ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पिस्तुलाची नळी लांडी असते. त्यामुळे हातात केसाएवढी चूक झाली तर टार्गेटवर ती बोटाएवढी होते. पुढच्या टोकाला एक उभा दांडा असतो, ती फोरसाइट. मागे एक खाच असते, ती बॅकसाइट. दांडा खाचेच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. मग घोडा असा ओढायचा की तो सुटल्याचं आपल्यालाच आश्चर्य वाटावं. झटका दिला की उजव्या हाताने मारणाऱ्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते. पकड दरवेळी तीच हवी, फार घट्ट नको, फार सैल नको. गोळ्या एकाच खोक्यातल्या असल्या तर बऱ्या. नळीत शिसं साचलेलं नको. मागचा भाग दर गोळीनंतर मागे जाऊन पुन्हा त्याच जागी बसला पाहिजे. थोडक्यात, सगळं पुन्हा पुन्हा तस्संच झालं पाहिजे. आमच्या लॅबचंही काम हेच होतं, म्हणून मला ते आवडलं असावं.

एक गोष्ट आणखी. टार्गेटवर दहा भोकं एकमेकांना चिकटून आहेत, पण मध्यापासून दूर आहेत, तर चूक साइटची असते. दोन स्क्रू फिरवले की काम झालं. पण भोकं इकडे, तिकडे, वर, खाली, कुठेही विखुरलेली असतील, तर क्लबमधला कोणीही तुमच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. कारण ती चूक बहुतेक वेळा माणसाची असते.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर माझी भोकं विखुरायला लागली.

पहिल्या बुधवारी थोडीशी. मला वाटलं, नवरात्राच्या उपासांचा थकवा असेल. दुसऱ्या आठवड्यात जास्त. नोव्हेंबरच्या शेवटी तर एक गोळी काळ्या गोलाच्या पूर्ण बाहेर, पांढऱ्या कागदावर गेली. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी ती पाहिली आणि घाईघाईने आपल्या टार्गेटकडे बघितलं.

मी वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, ही माझी जुनी सवय. एका बुधवारी वेगळ्या गोळ्या. एका बुधवारी नळी दुप्पट वेळ साफ करून. एका बुधवारी कॉफीशिवाय. गोळ्या भरायचं मॅगझिन दुसरं. गाडीत हीटर लावून, हातमोजे घालून, बोटं गरम ठेवून. डोळे तपासून घेतले, नवीन चष्मा केला. काहीही फरक पडला नाही. वहीच्या प्रत्येक पानाखाली मी निष्कर्ष लिहायचे, आणि प्रत्येक निष्कर्षाने एक एक कारण खोडलं जात होतं. शेवटी एकच राहिलं. माझा हात.

तुम्हाला हे लहानसं वाटेल. म्हाताऱ्या बाईचा खेळातला नेम चुकला, त्यात काय. पण माझी आई शेवटची सहा वर्षं स्वतःच्या हाताने पाणी पिऊ शकत नव्हती. तिचंही असंच सुरू झालं होतं, सुईत दोरा ओवताना. मला टार्गेटवर भोकं दिसत नव्हती, पुढची वर्षं दिसत होती. मग मी हाताकडे बघायला लागले. बघितलं की कोणाचाही हात हलतो. तुम्ही आत्ता हात समोर धरून बघा, तुमचाही हलेल. मी हायवेवर गाडी चालवणं बंद केलं. पाहुणे आले की चहाचा ट्रे उचलायचे नाही. भरतकाम कपाटात ठेवलं. थोरलीसाठी एक शाल विणायला घेतली होती, ती अर्धवट राहिली. ती का आली नाही, याचं उत्तर हे आहे.

आजोबा या काळात माझ्याशी फार चांगले वागले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. "राहू दे गं, मी ओततो," म्हणत चहाची किटली माझ्या हातातून काढून घ्यायचे. ड्राइव्हवेवरचा बर्फ मला एकदाही शोव्हल करू दिला नाही. संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून माझा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत चोळून द्यायचे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, हात आधीच थरथरायला हवा होता." ते हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा तेही बरोबर आत आले. डॉक्टरीणबाईंनी मला हात समोर धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला दिलं. वेटोळं चांगलं आलं होतं. त्या म्हणाल्या, "मला विशेष काही दिसत नाही." मग आजोबांकडे वळून विचारलं, "घरी तुमच्या काही लक्षात आलंय का?"

आजोबा म्हणाले, "थोडंसं. चहा ओतताना."

डॉक्टरीणबाईंनी ते टाइप केलं आणि न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी पाठवली. नंबर लागायला काही महिने जातील म्हणाल्या. इथे तसंच असतं.

फेब्रुवारीत मी ठरवलं की पिस्तूल जमा करायचं. आजोबांनी पोलिसांचा फोन नंबर शोधून फ्रिजवर लावला. "घाई नाही," ते म्हणाले, "पण मनाची तयारी झाली असेल तर लवकर केलेलं बरं." मी म्हटलं, एक बुधवार जाऊन येते, सगळ्यांना सांगते, मग करू. त्या दिवशी गाडी त्यांनीच चालवली, मला रेंजवर सोडलं आणि ते ग्रोसरी आणायला गेले.

अलिबागकर (मी त्यांना असंच म्हणते, ते त्यांचं आडनाव नाही) कॉफीच्या टेबलाशी होते. मी सांगितलं, आज शेवटचा दिवस. त्यांनी कप खाली ठेवला. जरा वेळाने म्हणाले, "ताई, एकदा तुमच्या पिस्तुलाने मी दहा मारू? आठवण म्हणून."

त्यांनी दहा मारल्या. टार्गेट जवळ आणलं. भोकं माझ्यासारखीच विखुरली होती. त्यांनी स्वतःच्या पिस्तुलाने दहा मारल्या. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा आजार मला लागला, आणि दोन मिनिटांत बराही झाला."

 मी खुर्चीवर बसले. पाच महिन्यांत मी गोळ्या बदलल्या, चष्मा बदलला, कॉफी सोडली. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे, निकाल विचित्र आला तर आधी उपकरण तपासा, मग स्वतःला दोष द्या. आणि इथे मी उपकरण सोडून बाकी सगळं तपासलं. का, ते मला नंतर कळलं. पिस्तूल माझ्याशिवाय फक्त घरच्या माणसाच्या हातात गेलं होतं. घरच्या माणसाला कोण तपासतं?

त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, खिशातून भिंग आणि बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि बॅकसाइट उघडली. मग भिंगातून बघत जोरात हसायला लागले.

"अहो ताई, तुमच्या पिस्तुलाची मुंज झाली की काय? आत जानवं आहे!"

चिमट्याने त्यांनी एक कापसाचा पीळ बाहेर काढला. चपटा झालेला, तेलकट, आणि त्यावर एक लाल ठिपका. मी तो लगेच ओळखला. ते कापसाचं वस्त्र होतं, देवाला वाहतात ते, कुंकवाचे ठिपके लावलेलं. मीच केलेलं. खंडेनवमीला आपण शस्त्रं आणि हत्यारं पूजतो. आमच्या घरी पाटावर विळी असते, कात्री, शिवणयंत्र, आजोबांचे पाने, गाडीच्या किल्ल्या, बर्फ काढायचं फावडं, आणि गेली काही वर्षं माझं पिस्तूल, अर्थात रिकामं. सगळ्यांना हळद, कुंकू, फूल आणि एकेक लहान वस्त्र.

मीही हसले. खूप हसले. पाच महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "म्हणजे माझीच चूक," मी म्हटलं, "पूजेचा कापूस आत गेला."

"ओलिव्हेटी टाइपरायटरची पूजा करून आमच्या ऑफिसातल्या एका साहेबाने त्याच्या आत हळद घातली होती," ते म्हणाले. "पुढे वर्षभर पिवळी पत्रं." बोलता बोलता ते भिंगातून आत बघत होते. मग हसणं थांबलं. त्यांनी टेबलावर हात फिरवला, खाली वाकून फरशी बघितली.

"ताई, हिची स्प्रिंग कुठे आहे?"

बॅकसाइटची पट्टी हलू नये म्हणून तिच्याखाली तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान स्प्रिंग असते. ती पट्टीला वर दाबून धरते. ती नव्हती. तिच्या जागी कापूस होता.

"पडली असेल," मी म्हटलं.

"स्क्रू काढल्याशिवाय पडत नाही. आणि कापूस वरून आत जात नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "कोणीतरी स्क्रू काढला, स्प्रिंग घेतली, तिथे बरोबर मापाचा कापूस भरला आणि स्क्रू परत लावला. काम नीट केलंय. हाताला पट्टी घट्ट लागते, पण बार उडाला की प्रत्येक वेळी वेगळी बसते. कापूस दबत जातो तसं वाढत जातं. ज्याने केलं त्याला काम येतं."

 आजोबा इंजिनियर आहेत हे त्यांना माहीत होतं.

त्यांच्या खिशात, डबीत, अशाच दोनचार स्प्रिंगा होत्या. त्यांनी एक कापून बसवली. मी पाच मारल्या. पाच भोकांचं एक फाटलेलं भोक झालं. आनंद व्हायला हवा होता. मी तो कापूस टिश्यूमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि आजोबांची वाट बघत दाराशी उभी राहिले.

गाडीत मी पर्स मांडीवर धरून बसले. मला आठवत होतं. खंडेनवमीची पूजा झाल्यावर पिस्तूल ताबडतोब कुलपात गेलं पाहिजे, म्हणून मी उठत होते. आजोबा म्हणाले होते, "तू नैवेद्याचं बघ, मी ठेवतो." आणि बेसमेंटमधून वर यायला त्यांना इतका वेळ लागला की पुरी गार झाली म्हणून मी हाक मारली होती.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टिश्यू उघडला. आजोबा पिशव्यांमधून भाजी काढत होते. त्यांनी बघितलं. हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"स्प्रिंग टाकली नाहीये मी," ते म्हणाले.

पहिलं वाक्य हे. मग ते खाली गेले आणि त्यांच्या स्क्रूंच्या कप्प्यांतून एक छोटी प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत स्प्रिंग होती. पिशवीवर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'बॅकसाइट, मूळ'.

मी विचारलं, "साइट नुसती फिरवली का नाही? एक मिनिटाचं काम होतं."

"तुला त्याच दिवशी कळलं असतं."

"म्हणजे माझा हात बिघडलाय असं मला वाटावं, हे ठरवून केलंत."

त्यांनी मेथीची जुडी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "तू आपणहून सोडावंस, एवढंच होतं. हाताचं एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं."

"आणि डॉक्टरांना सांगितलंत ते? चहाचं?"

"तोपर्यंत मागे फिरता येईना."

"आणि तेल?"

त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही.

हे सगळं का केलं, ते मला तेव्हा कळलं. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, तुमच्या आईने त्यांना फोनवर सांगितलं होतं की ज्या घरात पिस्तूल आहे त्या घरात मी मुलांना आणणार नाही. "बाबा, आईशी मी बोलले तर भांडण होईल. तुम्हीच बघा काहीतरी." आजोबांनी बघितलं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकलं नसतंस."

"अहो, सांगितलंच नाही, तर ऐकलं नसतं हे कुठून कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या आईला फोन केला. तिच्याबद्दल लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तिला हे पान आधी दाखवलं आहे, आणि तिने हे ठेव असं सांगितलं. ती म्हणाली, "आई, देवाशपथ मला स्प्रिंगचं काही माहीत नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले होते की थंडी संपेपर्यंत ती आपणहून सोडेल, तू विषय काढू नकोस. मी कसं ते विचारलं नाही."

"पण माझा हात थरथरतो हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"आणि 'आई, कसा आहे हात?' असं तू मला एकदाही विचारलं नाहीस?"

 मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुला लाज वाटत असेल."

तुमच्या आईची भीती चुकीची नव्हती, हेही लिहून ठेवते. दोन लहान मुलं असलेल्या आईने पिस्तुलाला घाबरावं, यात वेडेपणा काही नाही. तो फोन ठेवल्यावर मी लगेच दुसरा फोन एका बंदुकीच्या दुकानाला केला. लायसन्स असलेल्यांचं हत्यार ते काही काळ आपल्या तिजोरीत ठेवून घेतात, कागदपत्रं करून. सगळी चौकशी दहा मिनिटांत झाली. तुम्ही जुलैमध्ये याल तेव्हा आमच्या घरात पिस्तूल नसेल. त्याआधी दोन दिवस ते दुकानात जाईल. तुमच्या आईने ऑगस्टमध्ये मला विचारलं असतं, तर ते त्याच ऑगस्टमध्ये गेलं असतं. फारच आग्रह असता तर मी जमाही केलं असतं. नातवंडं आणि पिस्तूल यांत कोणी विचार करत बसतं का? मला विचारलंच नाही, याचंच मला दुःख आहे. माझं उत्तर काय असेल, ते दोघांनी आपसात ठरवून टाकलं, आणि त्यांनी ठरवलेलं उत्तर माझ्यापेक्षा कोत्या मनाच्या बाईचं होतं.

मी अजून बुधवारी रेंजवर जाते. गाडी मीच चालवते, हायवेवरूनसुद्धा. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मी रद्द केली नाही. गेले, त्यांनीही वेटोळं काढायला लावलं, आणि हात ठीक आहे म्हणून सांगितलं. वय झालं की तो एक दिवस खरंच थरथरेल, तेव्हा थरथरू दे. पेटीचा नंबर मी बदलला आणि तो आजोबांना सांगितलेला नाही. त्यांनी विचारलाही नाही.

तुम्ही याल तेव्हा आम्ही दोघं तुम्हाला नेहमीसारखेच दिसू. तसे आहोतही. ते बर्फ काढतात, मी फोडणी देते, रविवारी देवळात जातो. त्यांनी माफी मागितली, एकदा नाही, बऱ्याचदा. मी माफ केलंय असं मला वाटतं. आजोबांवर रागवू नका. फक्त कोणी तुम्हाला ती समजुतीची गोष्ट पुन्हा सांगितली, तर तिला मान डोलवू नका.

आता बाहेर निघताना मी दाराशी कोट चढवत असते आणि नेहमीच्या सवयीने विचारते, "स्टोव्ह बंद केलात?" ते म्हणतात, "हो, केला." पूर्वी एवढं पुरायचं. आता मी बूट परत काढते, आत जाते आणि चारही बटणं एकेक करून बघते. आजोबा दार उघडं धरून उभे असतात आणि थंडी घरात येत असते. स्टोव्ह बंद असतो. आजपर्यंत प्रत्येक वेळी बंदच होता.